तीन वाजताचा तिसरा संगणक

"उद्यापासून शुभांगीनं या संगणकाला हात लावायचा नाही," बाबा किमयाला म्हणाले.

दोन हजार आठची मे महिन्याची सुट्टी. किमयाचे बाबा चांदा गावातल्या भाड्याच्या घरातून कंपनीचं काम करायचे. रोज दुपारी तीनला इंटरनेट रखडायचं, आणि नेमकी तेव्हाच घरमालकांची शुभांगी किमयाबरोबर संगणकावर बसलेली असायची.

"आमी निस्ती चित्रं काढत व्हतो. त्याला इंटरनेट कुटं लागतंय?" जिन्यावर बसलेल्या शुभांगीचे डोळे भरून आले.

"मग कोण वापरतंय ते आपणच शोधू," किमया म्हणाली.

घरभर इंटरनेट पोचवणाऱ्या राउटरच्या पानावर त्याला जोडलेल्या संगणकांची यादी दिसायची. पण सारखं सारखं ब्राउझर उघडून, पासवर्ड टाकून ते बघत कोण बसणार? बाबांनी तिला कमांड लाइन शिकवली होती. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली की ब्राउझरशिवाय पान मिळायचं. राउटरनं दोनदा 'परवानगी नाही' म्हणून हाकललं. तिसऱ्यांदा किमयानं पासवर्डातलं कॅपिटल अक्षर नीट लिहिलं, आणि यादी आली. मग तीच ओळ दर पाच मिनिटांनी आपोआप चालेल आणि यादी वेळेसकट फाइलमध्ये साठेल, अशी सोय तिनं केली.

दोन दिवस शुभांगी तिकडे फिरकली नाही. तरी रोज तीनला यादीत बाबांच्या आणि किमयाच्या संगणकाखाली एक तिसरा संगणक उगवत होता. नाव होतं 'प्लॉट-ऑफिस'.

"ह्ये तर शेजारचे विठ्ठलराव. प्लॉट इकत्यात ते," शुभांगी म्हणाली.

"आणि राउटरच्या पानाला पासवर्ड आहे, पण बाबांनी वायफायला लावलेलाच नाही," किमयानं कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी तिनं बाबांना यादी दाखवली. "वायफायला पासवर्ड लावू? त्यांचं नेट बंद पडलं की खात्री होईल."

बाबांनी मान डोलावली. सव्वातीनला किमयानं आणखी एक ओळ लिहिली. राउटरच्या पानावरचा फॉर्म आपोआप भरला गेला आणि वायफायला पासवर्ड लागला.

पाच मिनिटांत कुंपणापलीकडून हाक आली, "अवो साहेब, नेट बंद पडलं का? माझा पिच्चर निम्माच उतरलाय!"

बाबा ओशाळले. जिन्याशी जाऊन म्हणाले, "शुभांगी, दार उघडं टाकलं मी आणि आळ घेतला तुझ्यावर. चुकलो." मग किमयाच्या पाठीवर थाप देत म्हणाले, "मला हे सुचलं नसतं."

"त्या काळ्या पडद्यावरच्या वळी मला बी शिकवाल का, काका?"

"मी कशाला? किमया शिकवेल."

किमयानं खुर्ची रिकामी केली. शुभांगी बसली आणि एकेक अक्षर शोधत टाइप करू लागली.