चिमणकाकांचा शनिवार

काकीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन यायचं, एवढंच काम होतं. मी डहाणूत चष्म्याच्या दुकानात आहे, त्यामुळे डॉक्टर ओळखीचे. रविवारी सकाळी तपासणी ठरली होती. म्हणून शनिवारी दुकान सुटल्यावर मी रानशेतला गेले. रात्र तिथे काढायची आणि उजाडल्यावर तिला घेऊन निघायचं.

जमनाकाकी म्हणजे माझ्या चिमणकाकांची बायको. काका गेले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. मूलबाळ नाही. पाड्याच्या टोकाला त्यांचं घर, त्यात ती एकटी.

चिमणकाकांना आमच्या वयाच्या माणसांनी विसरणं शक्य नाही. दिवसा ते वाणगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. पण शनिवारी रात्री लोकल केबलवर भुताचा पिक्चर लागायचा, आणि त्याच्या आधी पडद्यावर यायचे काका. तोंडाला तांदळाचं पीठ, डोळ्यांत भरपूर काजळ, अंगावर घोंगडी आणि हनुवटीखाली कंदील. केबलवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत चादर बांधून हे सगळं चालायचं. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद ठेवत, त्यामुळे बोलता बोलता काकांचं पीठ घामाने ओघळायचं. आम्हा पोरांना वाटे, त्यांचा चेहराच वितळतोय.

"डहाणूकर मंडळी, दिवे मालवा," ते म्हणत. "एक दिवा मी लावलाय, तेवढा पुरे."

मग गोष्ट सांगायचे. गोष्टीतली भुतं आमच्याच वाटांवरची असायची. कधी सीडी अडकली की केबलवाला हातानं खूण करायचा आणि काका गोष्ट लांबवायचे. एकदा तर पिक्चर लागलाच नाही. काका बोलत राहिले, आणि आमच्या सरावलीच्या आळीत एक माणूस जागचा उठला नाही. लघवीलासुद्धा नाही.

पुढे घरोघर डिश आल्या आणि लोकल चॅनल बंद पडलं. काकांनी पीठ पुसलं ते पुसलंच.

त्या शनिवारी जेवणं झाली. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. काकी भांडी विसळून आली आणि टीव्हीसमोरच्या लाकडी बाकावर मधोमध बसली. काकांचा तो जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही.

"इकडे बस," तिनं डावीकडची जागा दाखवली. "त्या बाजूला नको."

"काकी, हा चालतो अजून?"

"शनिवारचा चालतो."

मला वाईट वाटलं. घराबाहेरच्या खांबावर केबलची तुटलेली वायर लोंबताना मी येतानाच पाहिली होती. म्हातारपणात एकटं राहिलं की असं होतं, मी मनात म्हटलं. काकीनं बटण दाबलं, दिवा मालवला. पडद्यावर पांढऱ्या मुंग्या आल्या. त्यांचा निळसर उजेड आमच्या मांड्यांवर पडला. बाहेर रातकिडे ओरडत होते. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग रातकिडे थांबले.

आधी वास आला. घासलेटचा, कंदील पेटवल्यावर येतो तसा. मुंग्या हळूहळू एका जागी दाट झाल्या आणि त्यातून पिठानं माखलेलं कपाळ वर आलं... मग डोळे... मग हनुवटीखालचा उजेड.

मी काकीचा हात धरला. तो शांत होता, उबदार होता.

काका आमच्याकडे बघत होते. पूर्वीसारखं पडद्यातून सगळ्यांकडे नाही. आमच्याकडेच.

"जमना," ते म्हणाले. तोच आवाज. "तुझ्या डाव्या हाताला योगिता. ओळखली मी. मोठी झाली." घामाचा एक ओघळ पिठातून खाली आला. "उजव्या हाताला कोण बसलंय?"

काकीनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

"जमना... कोण आहे ती?"

माझी मान वळायला लागली होती. काकीनं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली.

"तिकडं बघू नको," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "समोर बघ. ते आता गोष्ट सांगतील. गोष्ट चालू असली की ती हलत नाही."

"कोण, काकी...?"

"मला काय ठाऊक. ते गेले त्या आठवड्यापासून येते. मला धड दिसत नाही, तेच बरं आहे."

काकांनी गोष्ट सुरू केली. एक माणूस घाटातून बैलगाडी घेऊन निघालाय आणि गाडी जड होत चाललीय, अशी ती गोष्ट होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही. मी ऐकत होते ते बाकाच्या उजव्या टोकाकडचं. तिकडून भिजलेल्या पेंढ्यासारखा वास येत होता, कुजायच्या आधी येतो तसा. काका श्वास घ्यायला थांबले की बाकाची फळी करकरायची. कुणीतरी पुढे सरकत असल्यासारखी. काका लगेच पुढचं वाक्य घ्यायचे, फळी गप्प व्हायची.

तेव्हा मला समजलं, हा माणूस आम्हाला घाबरवत नव्हता. सीडी अडकल्यावर लोकांना धरून ठेवायचा, तसा तो उजवीकडे बसलेल्या तिला धरून ठेवत होता.

बाहेर कोंबडं आरवलं तेव्हा पडदा काळा झाला. मी उजवीकडे पाहिलं. बाकाचं ते टोक रिकामं होतं. फळी ओली होती.

सकाळी काकी निघेना.

"डोळे झाले की मला ती दिसेल," ती म्हणाली.

"तू इथे येऊच नकोस परत. माझ्याकडे राहा."

"आणि ते? मी गेले तर ते एकटे पडतील तिच्यासमोर."

"काकी, काका गेले. तू आहेस अजून."

ती खूप वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठून तिनं टीव्हीच्या काचेवरून पदर फिरवला, एखाद्याचं तोंड पुसावं तसा. मी टीव्हीची वायर भिंतीतून उपटून काढली. दाराला कुलूप लावलं आणि चावी शेजारच्या बुधीबाईकडे दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली तेव्हा काकीनं पहिल्यांदा माझ्या उजवीकडे, मग डावीकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. सरावलीत माझ्याकडे ती रमली. अंगणात मिरच्यांची रोपं लावली. माझ्याच खोलीत झोपायची. शनिवार आला की जरा गप्प व्हायची, पण मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

परवा मंगळवारी बुधीबाई आली. बाजाराला आली होती, जाता जाता डोकावली. मी चहा टाकला. काकी दारात मिरच्या निवडत बसली होती.

बुधीबाई माझ्याजवळ चुलीशी येऊन हळूच म्हणाली, "घरात टीव्ही चालतो गं शनिवारचा."

"वायर काढलीय मी."

"ते मला नको सांगू. मी ऐकते ना. चिमणचा आवाज आहे. कोंबडं आरवेपर्यंत गोष्टी सांगतो. आधी खणखणीत होता. मग घोगरा झाला. मागच्या खेपेला तर नुसता खोकत होता, शब्द फुटत नव्हता." तिनं बाहेर पाहिलं. "ह्या शनिवारी तो मध्येच थांबला. गोष्ट अर्धीच. मी भिंतीला कान लावून उभी. पुष्कळ वेळ काही नाही... मग पुढची गोष्ट बाईनं सांगायला घेतली."

"कोण बाई?"

"म्हणून तर आले विचारायला," बुधीबाई म्हणाली. तिला जरा रागच आला होता. "जमना परत येते, रात्रभर घरात बसते आणि शेजारणीला कळवत नाही? आवाज काय मी ओळखत नाही तिचा?"

शनिवारी रात्री काकी माझ्या शेजारी झोपली होती. मी दोनदा उठून तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते.

"काकी," मी हाक मारली. "हिला सांग, तू इथेच होतीस."

काकीनं वर पाहिलं. रविवारपासून ती माझ्या प्रत्येक बोलण्यावर नुसती मान हलवत होती, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, गळ्याची शीर ताठ झाली. ती काहीतरी सांगत होती, भराभर, न थांबता, आणि तिचे नवे डोळे माझ्या आणि बुधीबाईच्या मधल्या रिकाम्या जागेवर खिळले होते.

आवाज मात्र आला नाही.