अधांतरी शेकोटी

दुसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर भिंतीत शेकोटी, आणि तिच्यापुढे पाय ठेवायला बोटभर जागा नाही! मग तिथे लाकडं सारायला काय भुतं येत होती? इंग्लंडमधल्या त्या अर्ध्या पडलेल्या किल्ल्यात आल्यापासून शाल्मलीच्या डोक्यात हाच भुंगा होता. तिचे आजोबा, अप्पा, तिथले पुरातत्त्वज्ञ (अवशेषांवरून गतकाळ शोधणारे). तिने विचारलं तर ते गालात हसले आणि पडक्या जागेचं जुनं रूप दाखवणारा आपला नवा ‘पूर्वरूप-चष्मा’ तिच्या हाती दिला. उद्या तो शाळेची मुलं लावणार होती.

अप्पा खाली यंत्रमानव गवंड्याशी बोलत राहिले; किल्ल्याची डागडुजी तोच करी आणि चष्म्यातली दृश्यं रचायला मदतही. शाल्मली जिना चढून शेकोटीसमोरच्या वरच्या दाराशी गेली. चष्मा लावला. डोक्यावर छत, पांढऱ्याशुभ्र भिंती, पायाशी फळ्यांची जमीन. शेकोटी भडकली होती, पण ना ऊब, ना आवाज. शेजारी एक मुलगी भिंतीला हात टेकून तिच्याकडे एकटक बघत होती. शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी तिला पुढे जावंसंच वाटलं.

पण घरचं वळण कुठे जातंय? कुणाच्या खोलीत बूट घालून जायचं नाही! एका हाताने चौकट धरून तिने बूट काढला आणि मोकळा पाय फळीवर टेकवला. फळी नव्हतीच. अनवाणी तळव्याला खालून गार वारा लागला.

किंकाळी ऐकून अप्पा धावत वर आले. त्यांनी तिला मागे ओढून कवटाळलं. दाराला कठडा लागायच्या आत चष्मा दिला, ही चूक माझीच, असं ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

मग मागोमाग आलेल्या गवंड्याने उजेड टाकून भिंतीतली चौकोनी भोकं दाखवली. त्यांत तुळयांची (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांची) टोकं बसत. लाकूड कुजलं, दगड उरला. चुन्याच्या डागांवरून सफेदी कळली. खुणांवरून न दिसलेलं ओळखायचं, याला अनुमान म्हणतात. फळ्यांचा रंग मात्र निव्वळ अंदाज.

“आणि ती मुलगी?”

“मी मुलगी घातलेली नाही,” अप्पा हळूच म्हणाले.

“मी घातली,” गवंडी म्हणाला. “शेकोटीजवळच्या गिलाव्यात (भिंतीच्या लेपात) लहान हाताचा ठसा आहे, लेप ओला असतानाचा. मुलगी की मुलगा, ठाऊक नाही. चेहरा मी बनवला.”

शाल्मली बराच वेळ त्या ठशाकडे बघत राहिली. “चेहरा काढून टाक,” ती म्हणाली. “हात राहू दे. आणि जे खरंच उरलंय तेवढंच ठळक दाखव.”

दुसऱ्या दिवशी मुलं आली तेव्हा कठडा लागला होता. चष्म्यात जमीन धुक्यासारखी पुसट होती. एकेक मूल कठड्याशी थांबून हवेत पंजा धरत होतं आणि तो त्या हाताएवढा भरतो का, ते बघत होतं.