पलीकडचा जोडीदार

कोमांग सुकरेनी त्या दुपारी प्रयोगशाळेत गेली ती केतुतला रंगेहाथ पकडायला. त्या शनिवारी अख्ख्या बालीत लोखंडाची पूजा. कोयता असो, मोटार असो नाहीतर संगणक, फुलं वाहायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. संशोधन केंद्रातला मोठा सूक्ष्मदर्शकसुद्धा सकाळीच पिवळं वस्त्र गुंडाळून, नैवेद्य दाखवून बंद केलेला.

पण संशयानं तिची झोप उडवली होती, तिला कसला आलाय सण! ते यंत्र एकट्याला चालवता येत नसे. एकानं आतल्या अंधाऱ्या खोलीत नमुना सरकवायचा, दुसऱ्यानं बाहेर पडद्यासमोर बसायचं आणि स्पीकरवरून बोलायचं. यंत्रानंच ही जोडी लावली, नाहीतर त्या बडबड्या केतुतला तिनं दारात उभं केलं नसतं. आणि आता तिच्या प्रवाळाची, तिनं न काढलेली चित्रं यंत्रात सापडत होती. ती दुसऱ्या कुणी आधी छापली, की तिची चार वर्षांची मेहनत पाण्यात आणि पदवीही गेली. केतुतशिवाय करणार कोण?

बाहेरच्या खोलीत उदबत्तीचा वास कोंडला होता. ती खुर्चीत टेकली आणि पडदा आपोआप उजळला. स्पीकर खरखरला.

"कोमांग, बसलीस? सरकवतो हं..."

केतुतचाच आवाज. तिचं डोकंच फिरलं. म्हणे गावच्या देवळात जातोय! आत फोन वाजला की साहेब उघडे पडतील, म्हणून तिनं तिथूनच त्याला फोन लावला. आत काहीच वाजलं नाही. फोनमध्ये मात्र देवळातली वाद्यं वाजत होती.

"बोल," केतुत म्हणाला.

"तू... कुठे आहेस?"

"देवळात. सांगितलं होतं ना." मग त्यानं आवाज खाली आणला. "बरं झालं फोन केलास. गेल्या आठवड्यात तापानं घरी होते म्हणालीस सगळ्यांना. मग आतून माझ्याशी बोलत कोण होतं? दुपारभर काम केलं आपण. माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस."

त्या दुपारी आई तिच्या उशाशी बसून होती. समोर पडद्यावर तिचं प्रवाळ सावकाश सरकत होतं.

"केतुत... ती मी नव्हते रे."

तेवढ्यात स्पीकरमधून, तापानं बसलेल्या तिच्याच आवाजात, कुणीतरी लाडानं म्हणालं, "गंमत केली रे. मीच होते."

फोनमध्ये केतुत सुटल्यासारखा हसला.

"वाटलंच मला," म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.