कागद चिकटला पाहिजे

मसुऱ्याकडे जाणाऱ्या चढणीवर लाल गाडी अर्ध्यात थांबली आणि तिच्या नाकातून भसाभसा वाफ निघाली. ही तिसरी वेळ.

"परत उकळली," मागून सायकल ढकलत आलेला लवू म्हणाला. "आता आत बांगडे टाकले तर कालवण तयार."

"गप रव," शेजारची किशोरी म्हणाली आणि तिनं डोळ्यांनीच अपेक्षाकडे खूण केली. लवूनं जीभ चावली.

साठ वर्षांपूर्वी विलायतेहून बोटीनं आलेली ही दोन माणसांची, बिनछपराची रेसची गाडी अपेक्षाच्या बाबांनी, मंगेशनी, दोन वर्षं खपून उभी केली होती. तिच्या इंजिनातला एकही स्क्रू त्यांच्या हाताखालून गेला नाही असा नव्हता. जानेवारीत गाडी पहिल्यांदा सुरू झाली. फेब्रुवारीत बाबा गेले. आता मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि तारकर्लीच्या गॅरेजचं दार बाळाकाकानं पुन्हा उघडलं होतं.

बाळाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, लवूचे वडील. मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. त्यानं कपाळाचा घाम पुसला.

"उद्या दत्ताराम येतले देवगडसून. त्येंची गाडी, त्येंका खरा सांगूक व्हया. इंजिन बाद झाला. पुण्याची माणसा ह्या काडून नवा बसवतली." तो गाडीकडे बघत राहिला. "दादान मेहनत केल्यान, पण जमला नाय."

जमला नाय. अपेक्षा घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आली. तिला सायकलवर बसायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकानं पुन्हा पाणी भरलं, इंजिन चालू केलं, पंख्याचं बटण दाबलं आणि तो विहिरीवर बादली भरायला गेला. लवू गाडीच्या नाकासमोर आंब्याच्या पेटीवर बसला होता. पेटीतल्या पेंढ्यातून हापूस शोधून काढायचा आणि चोखायचा, एवढंच त्याचं सकाळपासून काम.

"अरे मेल्या, पेंढो गेलो डोळ्यांत," तो एकदम डोळे चोळायला लागला.

"खा अजून," किशोरी म्हणाली. "देवान शिक्षा केल्यान."

"पण वारो नाय तर पेंढो उडता कसो?"

किशोरीनं गाडीच्या पुढच्या जाळीसमोर हात धरला आणि चटकन मागे घेतला. "गो अपू, हयसून वारो येता. गरम. गाडी फुंकता बघ."

अपेक्षा जागच्या जागी थांबली. बाबा असेच या जाळीसमोर उकिडवे बसायचे. हातात जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. तो जाळीजवळ नेला की थपकन जाळीला चिकटून बसायचा. "बघ चेडवा, कागद चिकटलो पायजे. आपण नाकान वारो आत ओढतो, तशीच ही ओढता. त्याच वाऱ्यान हिचा पाणी थंड रवता. कागद पडलो तर समज, श्वास अडकलो."

तिनं पेटीतला कागद फाडला आणि जाळीवर धरून सोडला. कागद उडाला तो थेट लवूच्या पायाशी जाऊन पडला.

"काका, पंखो उलटो फिरता," काका बादली घेऊन येताच ती म्हणाली.

काका हसला. ते हसू वाईट नव्हतं, थकलेलं होतं. "अगो, बोटीच्या इंजिनाक खंय पंखो आसता? आखो दर्यो आसा थंड करूक. पाणी भरला म्हणजे झाला." त्यानं इंजिन बंद केलं. "आणि कोणी हात लावू नकात. हाडलेली वस्तू परत देवची आसा आपल्याक."

पण बघायला कोणाची बंदी नव्हती. तिघांनी बॉनेटखाली डोकी घातली. पंख्याला दोन वायरी, दोन्ही काळ्या. एकीवर मात्र बोटभर जागा स्वच्छ होती. बाकी सगळीकडे तेलकट धूळ आणि तेवढाच पट्टा चकचकीत.

अपेक्षानं तो पट्टा बोटानं चाचपला. इथे हिरवा दोरा होता. काकाच्याच फाटक्या जाळ्यातून तिनं आणून दिलेला. बाबांनी तो वायरीवर गुंडाळला, गाठ मारली आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं होतं. "गाठीची वायर ह्या बाजूक. रंग पुसता, गाठ रवता."

"काका, हय हिरवो दोरो होतो?"

"होतो." काकानं बादली खाली ठेवली. "ती जाळी पंख्यासकट धुवक काडलंय, तेव्हा सोडलंय. गेलेल्या माणसान बांधलेलो दोरो ठेवचो नसता गो. माका वाटला, देवाचो आसतलो. खाडयेत सोडलंय, हात जोडून."

आणि तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. अपेक्षाला रागवायचं होतं. पण काकाची पाठ बघून तिला रागावता येईना.

"म्हणजे वायरी सुटल्यो, आणि परत लावताना उलट्यो लागल्यो," किशोरी कुजबुजली. "सांग ना त्येंका."

"सांगलंय ना. आयकले?"

लवूनं आंब्याची कोय टाकली, हात चड्डीला पुसले आणि मोठ्यानं हाक मारली, "पप्पा, आये बोलावता. बांगडो भाजल्यान, थंड होता म्हणता."

"अकरा वाजता?"

"माका काय म्हायत? नको तर मी खातंय."

काका लगबगीनं घराकडे गेला.

"खरोच भाजल्यान?" किशोरीनं विचारलं.

"नाय. पण आता भाजून घेतल्याशिवाय पप्पा थयसून हलाचे नाय. अर्धो तास मिळता."

अपेक्षानं पाना घेतला, पण हात तिथेच थांबला. किशोरीला कळलं. ती हळू म्हणाली, "अपू, जमला तर गाडी आजच जातली. नाय जमला, तर पुण्याची माणसा येईसर आठ दिस हयच रवतली."

आठ दिवस. गॅरेजमध्ये वंगणाचा वास असेल. डावीकडच्या सीटवर बाबांच्या कोपराचा डाग असेल. संध्याकाळी सुट्टीतल्या अभ्यासाचं निमित्त करून तिला तिथे बसता येईल.

"आणि नवव्या दिवशी बाबांचा इंजिन भंगारात," ती म्हणाली.

बाबांनी शिकवलं होतं तसं तिनं आधी बॅटरीचं टोक सोडवलं. मग पंख्याच्या वायरींची अदलाबदल केली, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. लवूनं कागद पुढे केला.

थप.

कागद जाळीवर असा बसला, जणू कोणी आतून धरला आहे. लवूनं तो ओढून काढला आणि परत धरला. परत थप.

दत्ताराम आले तेव्हा काका बांगडा खाऊनच परतला होता. त्यानं मान खाली घालून सुरुवात केली, "इंजिन बाद..."

"नाय झालेला," अपेक्षा म्हणाली. तिनं सगळं सांगितलं आणि कागद लावून दाखवला. काकानं एकदा वायरींकडे पाहिलं, एकदा लवूकडे.

"बस," दत्ताराम तिला म्हणाले. "चढणीवर कळतलाच."

चढण आली. गाडी गुरगुरत वर निघाली. अपेक्षाची नजर समोरच्या तापमानाच्या काट्यावर होती. काटा अर्ध्यावर आला, जरा पुढे सरकला आणि थांबला. माथ्यावर पोचले तरी तिथेच. दत्तारामांनी इंजिन चालूच ठेवून दहा मिनिटं गाडी उन्हात उभी केली. काटा हलला नाही.

स्कूटरवरून काका, लवू आणि किशोरी मागोमाग आले.

"पुण्याक फोन करून नको म्हणान सांगतंय," दत्ताराम म्हणाले. "बाळा, तुझ्या भावाचा काम एक नंबर. आणि ह्या पोरांची नजर त्याच्यासारखीच. मंगेश आसतो तर..." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"माका पंख्याचा समाजलाच नाय गो," काका अपेक्षाला म्हणाला. मग त्यानं खिशातून हिरव्या दोऱ्याचं भेंडोळं काढलं. फावल्या वेळात तो मासेमारीची जाळी विणायचा, खिशात ते असायचंच. "गाठ मार. तुका येता ना, दादासारखी?"

तिला येत होती. वायरीवर चार वेढे, एक गाठ. टोक उरलं ते तिनं दातांनी तोडलं. दोरा खारट लागला.

दत्तारामांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते गाडीत बसले. लाल गाडी देवगडच्या दिशेनं निघाली, वळणाआड गेली. आवाज मात्र बराच वेळ येत होता. एकसारखा, कुठेही न अडखळता.

तो संपेपर्यंत कोणी स्कूटर सुरू केली नाही.