एकवीस अक्षरांचा पासवर्ड

मंगळवारी योआनाला तिच्या नवऱ्याने भोसकून मारलं. ती लपून राहत होती त्या घराचा पत्ता बल्गेरियातल्या सबंध रुसे शहरात एकाच बाईला ठाऊक होता. ती बाई, नवऱ्यांपासून पळालेल्या बायकांसाठी आश्रयघर चालवणारी मिल्काना, आता आपल्या कचेरीत खाजगी गुप्तहेर रादका तोपालोवासमोर बसली होती.

"पोलीस म्हणतात, मीच पत्ता फोडला. सगळ्या बायकांचे पत्ते माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. एकवीस अक्षरांचा पासवर्ड, कुठेही लिहिलेला नाही."

"मग दुसरं कोण असणार?" रादकाचा सोबती, निवृत्त हवालदार ल्युबेन पुटपुटला.

"तू थांब रे जरा. मिल्कानाबाई, लॅपटॉप एकटा कधी सोडलात?"

"सोमवारी. कोर्टातून फोन आला, झाकण लावलं आणि पळाले. परतले तर मशीन पहिल्यापासून सुरू झालं आणि पासवर्ड मागितला. म्हटलं, बॅटरी संपली असेल."

"चार्जर लावला नव्हता?"

"लावला होता..." मिल्काना अडखळली.

तिच्या टेबलावर कीबोर्डची धूळ उडवायचा, हवेच्या फवाऱ्याचा डबा होता. रादकाने तो हलवला. रिकामा.

"शुक्रवारीच आणलाय," मिल्काना चकित झाली. कीबोर्डमध्ये मात्र बानित्साचा, म्हणजे चीजच्या पापुद्र्याच्या पेस्ट्रीचा, चुरा तसाच होता.

सोमवारी त्या वेळी इथे दोघेच होते. ड्रायव्हर स्तोइल वैतागला. "मला त्या लॅपटॉपमधलं काय कळतंय? मी बायकांना अर्ध्या वाटेपर्यंत सोडतो. पुढे बाईच नेतात."

कॉम्प्युटर सांभाळणारा कामेन स्वयंसेवक होता. त्याच्या तीन बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, वर फोड.

"कॉफीच्या भांड्याने भाजलं," तो म्हणाला. "आणि एकवीस अक्षरं कोण ओळखणार? बाईच कुठेतरी बोलल्या असतील."

रादकाने सगळ्यांना बसवलं.

"पासवर्ड कुणी ओळखलाच नाही. तो एकदा दिला, की डिस्कच्या कुलपाची चावी मशीनच्या मेमरीत राहते. नुसतं झाकण लावलं तरी राहते. वीज तोडली की काही सेकंदांत पुसली जाते. पण मेमरीची चिप गोठवली, तर काही मिनिटं टिकते."

"गोठवायची कशाने?" ल्युबेनने विचारलं.

"त्या डब्याने. उलटा धरला की हवा नाही, बर्फगार द्रव येतो. सफाईसाठी संपला असता तर चुरा उरला नसता. चिप काढून दुसऱ्या मशीनमध्ये वाचली, डिस्कची नक्कल केली. त्यासाठी वीज तोडावी लागली, म्हणून पासवर्ड नव्याने मागितला गेला. आणि कामेन, भाजलेली बोटं लाल होतात. तुझी गारठून पांढरी पडलीत."

कामेनने हात खिशात घातले. ल्युबेन दारात जाऊन उभा राहिला.

"योआनाचा नवरा माझा शाळेपासूनचा दोस्त आहे," कामेन हळूच म्हणाला. "म्हणाला, फक्त आपल्या मुलीला बघायचंय."

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर मिल्कानाने विचारलं, "मी लॅपटॉप पुरता बंद केला असता तर?"

ल्युबेनने रादकाकडे पाहिलं. नको सांगूस, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"तर चावी मिळाली नसती," रादका म्हणाली.

मिल्काना रडली नाही. तिने उठून कोट चढवला.

"यादीत आणखी अकरा जणी आहेत. अंधार पडायच्या आत सगळ्यांना हलवायला हवं."