भोपळीच्या निमित्तानं

"तुमची टोपली खाजवतेय."

बसथांब्यावर माझ्या शेजारी बसलेला माणूस म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळपासून भुरभुर लागून राहिली होती, रस्ता काळा पडला होता, आणि आई गेल्यापासून अनोळखी माणसांशी बोलायचा उत्साह माझ्यात उरला नव्हता.

"नाही, म्हणजे… आत कुणीतरी आहे, आणि ते फार हैराण झालंय. ससा?"

"गिनीपिग."

"केस गळतायत? पाठीवर खपल्या आहेत?"

आता मात्र मी वळून पाहिलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे माणसाआधी मला त्याचा चष्मा दिसतो. याचा डाव्या बाजूला चांगलाच कलला होता.

"कुठे निघालात त्याला घेऊन?" त्यानं विचारलं.

"पाळीव प्राण्यांच्या दुकानात. ते म्हणाले, कुत्र्याच्या पिसवांची पावडर आहे, ती लावून बघू."

तो ताडकन उठला. "चला."

"कुठे?"

"माझ्या दवाखान्यात, मागच्याच गल्लीत. ती पावडर लावलीत तर खाज थांबेल हो… पण कायमची."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"जनावरांचा. आज सुट्टी होती," तो समोर येऊन थांबलेल्या बसकडे हताशपणे बघत म्हणाला, "असं मला वाटत होतं."

त्याच्या दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि खिडकीशी गारठा. टोपलीतून काढून भोपळीला त्यानं टॉवेलवर घेतलं. बोथट पात्यानं तिच्या पाठीवरची एक खपली हलकेच खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा."

मी वाकले. आखूड पायांचा एक गोल किडा, बुडणाऱ्या माणसासारखा हातपाय मारत होता.

"खरजेचा किडा. कातडीत बोगदे खणतो. खाज असह्य झाली की झटकेसुद्धा येतात यांना."

"आमच्या घरी रोज पिंजरा धुतात," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"स्वच्छतेला कोण नावं ठेवतंय? हे किडे बरेचदा आधीपासून अंगावर गप्प बसलेले असतात. जनावर खचलं, की डोकं वर काढतात." तो माझ्याकडे वळला. "घरात… काही झालंय का?"

मी काचेकडे बघत राहिले. भोपळी आणि दुधी आईच्या. नावंही तिनंच ठेवलेली, दोघींचे आकार बघून. हिवाळ्यात दुधी गेली, आणि तिच्या मागोमाग आई.

"आधी हिची जोडीदारीण गेली," मी म्हणाले. "मग आई."

तळहाताची वाटी करून त्यानं भोपळीला झाकलं. ती त्या अंधारात थोडी शांत झाली.

"एवढं होऊनही ही खातेय. म्हणजे चिवट आहे," तो म्हणाला. मग जरा अडखळत, "आणि तुम्ही?"

"मी पण खाते," मी म्हणाले. कितीतरी दिवसांनी मला हसू फुटलं होतं.

घरी बाबा होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. पूर्वी घरात त्यांच्या गप्पांना अंत नसायचा. आई गेल्यावर ते आमच्याशी बोलेनासे झाले. मावशी फोन करून थकली, मी जेवायला हाक मारली की मान हलायची, बस. बोलायचे ते फक्त भोपळीशी. मांडीवर टॉवेल पसरून तिला घ्यायचे आणि पुटपुटायचे, "काय गं, आज रुसलीस?" मी दाराआडून ऐकायची. हिचं काही बरंवाईट झालं तर या घरात आवाज म्हणून उरणार नाही, ही भीती मला रात्रंदिवस पोखरत होती.

उपचार मात्र बाबांनी मनावर घेतले. डॉक्टरांनी कातडीखाली इंजेक्शन दिलं होतं, काही दिवसांनी पुन्हा द्यायचं होतं. मधल्या काळात पिंजऱ्यातलं गवत रोज बदलायचं, टॉवेल उकळत्या पाण्यातून काढायचे, नखं कापायची, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्यायचा. नवीन गवतातून किडे येऊ नयेत म्हणून ते आधी गोठवून घ्यायचं, म्हणून आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाऐवजी गवताच्या पिशव्या आल्या. बाबा सगळं बिनबोभाट करायचे.

टोपलीत घालून हलवलं की भोपळी घाबरायची, म्हणून पुढची इंजेक्शनं द्यायला डॉक्टरच घरी येऊ लागले. दवाखाना बंद करून, ओले बूट दाराबाहेर काढून, मोजे मात्र ओलेच पायात ठेवून.

एकदा इंजेक्शन देताना त्यांनी बाह्या वर केल्या आणि मी चमकले. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुळ्या.

"हे काय?"

"तिचीच कृपा. माणसाच्या अंगावर ते किडे टिकत नाहीत, पण चावून जातात. आपोआप बरं होतं."

मी माझी बाही वर सरकवली. अगदी तशाच पुळ्या. दुकानात मी त्या पूर्ण बाह्यांचे कपडे घालून लपवत होते.

त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. "वा. दोघांची जोडी—" आणि गडबडले. "म्हणजे, पुळ्यांची. लक्षणं जुळतायत, असं म्हणायचं होतं."

"डॉक्टर, तुमचा चष्मा वाकडा आहे," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणणं भाग होतं.

"माहितीये. बैलानं शिंग मारलं होतं."

"द्या इकडे."

मी काड्या सरळ केल्या, आणि तो परत द्यायचा सोडून माझ्या हातांनीच त्यांच्या कानांवर ठेवला. ते श्वास रोखून उभे होते. आतल्या खोलीत बाबा खोकले, आणि मी चहा ठेवायला पळाले.

खाज थांबली. खपल्या गळून पडल्या. पाठीवर मऊ लव दिसू लागली आणि भोपळी रात्रभर झोपू लागली. मी 'सुटले' म्हणत होते. पण दोन्ही कुशींवरचे केस काही येईनात. उजवीकडे, डावीकडे, आरशात बघावं तसं सारखं टक्कल. डॉक्टरांनी तिच्या पोटाखाली बोटं घातली आणि त्यांची बडबड मधेच बंद पडली.

"खाजेमागे लपलेलं दुखणं होतं," ते हळूच म्हणाले. "अंडाशयात गाठी आहेत. मोठ्या. तिला दुखत असणार."

"मग?"

"ऑपरेशन. पण ती म्हातारी आहे. भूल सोसेल की नाही… मी शब्द देऊ शकत नाही. नाही केलं, तर दुखतच राहील."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी भोपळीच्या कानामागे बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. मग मान हलवली. हो.

ऑपरेशनच्या दिवशी मी दुकानात होते. हातातल्या काचा पुसून पुसून झिजतील असं वाटत होतं. संध्याकाळी घरी आले, तर दारात डॉक्टरांचे ओले बूट. आत ते उभेच होते, छातीशी एक खोका धरून. त्यांचा चेहरा बघितला आणि मला विचारावं लागलं नाही.

"ऑपरेशन झालं होतं," ते बाबांना सांगत होते. "जागीही झाली. मी हातात घेऊन बसलो होतो. मग एकदम… मंदावत गेली. मी खूप प्रयत्न केले. मला—" त्यांनी खोका बाबांपुढे धरला.

बाबा उठले. खोका घेतला, झाकण उघडून आत पाहिलं. तिला पांढऱ्या स्वच्छ कापडात गुंडाळलेलं होतं, घड्या अगदी नीट. मी भिंतीला टेकले. आता सगळंच संपलं, असं वाटलं.

"शेवटी हातात होती?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज गंजल्यासारखा आला.

"हो. पूर्ण वेळ."

"हिच्या आईच्या वेळी," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हॉस्पिटलातले लोक दारातूनच सांगून गेले. मला आत जाऊ दिलं नाही. ती कुणाच्या हातात होती, होती तरी का कुणाच्या… मला कळलंच नाही रे." आणि ते रडू लागले, खोका मांडीवर घेऊन, लहान मुलासारखे. मी धावत जाऊन त्यांना धरलं. इतके दिवस जे आत कोंडलं होतं, ते आईचं नाव घेत घेत बाहेर पडलं. डॉक्टर जायला वळले, तर बाबांनी ओल्या डोळ्यांनीच हटकलं, "तू कुठे निघालास? जेवलास का काही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग बस."

मागच्या अंगणात दुधीशेजारी आम्ही तिला पुरलं. खड्डा डॉक्टरांनी खणला, माती बाबांनी लोटली. मग तिघं भात आणि उकडलेले बटाटे जेवलो. बाबा आईबद्दल सांगत होते. डॉक्टर ऐकत होते. मी कुणाचंच ताट रिकामं राहू देत नव्हते.

निघताना मी डॉक्टरांना पोचवायला दारापर्यंत गेले. बाहेर धुकं दाटलं होतं. ते बूट घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"तुम्हाला माझा राग आला असेल तर…"

"नाही आला."

"मला रोज वाटायचं, तिला लवकर बरं वाटावं." नाडी बांधता बांधता ते म्हणाले. "आणि रोज वाटायचं, बरं वाटलं तर मी इथे कशाला येणार? लाज वाटायची मला याची. आता तर यायला काही कारणच उरलं नाही."

ते सरळ उभे राहिले. हात मातीनं भरलेले होते. मी त्यांचा एक हात धरला. घट्ट.

"उद्या ये," मी म्हणाले. "विनाकारण ये."