चांगुणाच्या बियांचा वेल

मोरिवलीच्या एका कारखान्यात सुदामनं एकतीस वर्षं एकच काम केलं: दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासून नापास करायचा. निवृत्तीनंतर नापास करायला घरात फक्त बायकोचा चहा उरला होता. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात चांगुणा गेली, आणि तेही राहिलं नाही.

मागं राहिल्या डब्यातल्या राखेत जपलेल्या लाल भोपळ्याच्या तीन बिया. हे वाण तिनं माहेराहून आणलेलं. दर साली एक भोपळा ती बियाण्यासाठी राखायची.

सुदामनं तिन्ही बिया चाळीमागं लावल्या. श्रावणात दोन वेल वाळून गेले. तिसऱ्यानं नारळाएवढा एक भोपळा धरला. आता तो पिकेपर्यंत वेल जगला तर ठीक, नाहीतर चांगुणाचं वाण संपलं.

भाद्रपदातल्या एका दुपारी त्या वेलाच्या पानांनीही माना टाकल्या. बुंध्याशी ओलसर पिवळा भुसा पडला होता. म्हणजे खोडात अळी. सुदामनं दाढीच्या ब्लेडनं खोड उभं चिरलं, तारेच्या आकड्यानं एक गुबगुबीत पांढरी अळी ओढून काढली, तिला रीतसर नापास केलं आणि चिरेवर ओली माती थापली. मातीखाली खोड नवी मुळं धरतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वीतभर पुढं पुन्हा भुसा. चिरलं, तर आत बोगदा. गोल, गुळगुळीत, मशीनवर काढावा तसा. आणि रिकामा. इतकं सफाईदार काम सुदामनं नोकरीत क्वचितच पास केलं होतं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मशीनच्या पोटात काय बिघडलंय ते ऐकायची कारखान्यात एक रीत असते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं आणि मूठ कानाला. सुदामनं टोक खोडावर टेकवलं.

आत कुणीतरी चणे खात होतं. निवांत, एकेक करून.

"काय सुदामभाऊ, भोपल्याला दवाखाना उघडलाय का?" कुंपणापलीकडून शेजारच्या गोजरबाईनं विचारलं.

"अळी आहे. सापडत नाही."

"कशी सापडंल? चांगुनाबाय रोज येलाची बला घ्यायची. असा हात फिरवायची आन् आपल्या कानशिलावर कडाकडा बोटा मोडायची. तवा कवा अली नाय लागली."

"आमच्या घरात असलं काही नव्हतं. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच सोडलं सगळं."

"तुमी सोडला व्हता. ती तुमी ड्युटीवर गेलाव का मंग करायची."

एकतीस वर्षं आपल्या घरात पाळी बदलल्याबरोबर नियमही बदलत होता, ही बातमी सुदामला जरा उशिराच मिळाली.

दुसऱ्या दिवशी तीनचा भोंगा झाला. गोजरबाई झोपली होती. कारखान्यांच्या धुरातून येणारं ऊन मधासारखं दाट झालं होतं, आणि भोपळ्याच्या फुलातले भुंगे उडायचे विसरल्यासारखे जागच्या जागी गुणगुणत होते. सुदामनं इकडेतिकडे पाहिलं. वेलावरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

दहाच्या दहा मोडली. चांगली वाजली.

"घे बाई," तो पुटपुटला, "याचं काय असेल ते मला लागू दे. भोपळा तेवढा पिकू दे."

मग तिथंच भिंतीला टेकून त्याला डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा वेलाची पानं ताठ उभी होती. भर उन्हात.

सुदामनं स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक खोडाला लावलं. शांत.

वीतभर पुढं. शांत.

समाधानानं त्यानं टोक खोडावरून उचललं आणि बसल्या बसल्या आपल्या नडगीवर टेकवलं. मूठ कानाशीच होती.

चणे.

निवांत, एकेक करून.

त्यानं पायजमा वर केला. घोट्याच्या वर बारीक गोल भोक होतं. रक्त नाही, दुखणं नाही.

ब्लेड हाताशी होतं. त्यानं थोडा विचार केला आणि ते परत खिशात ठेवलं. चिरून काही सापडणार नव्हतं. मग तपासनिसाच्या शांतपणानं त्यानं वेलाशेजारची माती उकरली, पाय आत ठेवला आणि वर ओला चिखल थापला. गार वाटलं. इतकं बरं त्याला उन्हाळ्यापासून वाटलं नव्हतं.

रोज दुपारी तो तसाच बसू लागला. पुढं दुपारबरोबर सकाळही गेली. भोपळा फुगत गेला, पिवळा पडला, मग केशरी.

"पिकला का हो भाऊ?" गोजरबाईनं एका संध्याकाळी विचारलं.

"देठ वाळू दे. आठ दिवस."

"मना दोन बिया ठेवा."

"ठेवतो."

"चला, चा ठेवलाय. उठा."

सुदाम उठायला गेला. मातीनं पाय धरून ठेवला होता, जोरानं नाही. त्यानं ओढून पाहिलं, तेव्हा खाली खोलवर बारीक बारीक काहीतरी ताणलं गेलं. मग त्यानं ओढलं नाही.

"चहा नको, गोजरबाई," तो म्हणाला. "एक तांब्या पाणी आणा. आणि पायाशी ओता. हळूहळू."